काका, परत बोला

उल्का दिघे नक्की काय काम करते, हे डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी मंडळींना इतक्या वर्षांत धड कळलं नाही. कुणी म्हणे ती कोर्टात टायपिस्ट आहे, कुणी म्हणे कुठल्याशा वकिलाची सेक्रेटरी आहे, आणि मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी तर तिला संक्रांतीच्या कार्यक्रमात माइकवरून न्यायाधीश करून टाकलं होतं. उल्काने कुणालाच दुरुस्त केलं नाही. समजावून सांगायला बसलं की समोरची बाई हमखास म्हणायची, "हां, म्हणजे स्टेनोच ना?" आणि मग उल्काचं डोकं फिरायचं.

ती स्टेनोच होती, आणि त्याचा तिला अभिमान होता. अकोल्यात तिच्या वडिलांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. आठ यंत्रं, दोन लांब बाकं, भिंतीवर शॉर्टहँडच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता. तालुक्यातली निम्मी सरकारी कचेरी तिथून शिकून बाहेर पडली होती. वडील वर्तमानपत्रातला अग्रलेख खणखणीत आवाजात वाचायचे आणि पोरं माना खाली घालून खुणा काढायची. उल्का दहावीत असतानाच मोठ्या मुलांच्या पुढे गेली. १९८७ साली चारुदत्तशी लग्न होऊन ती मिशिगनमध्ये नोव्हायला आली तेव्हा बॅगेत दोन पैठण्या होत्या आणि एकशे चाळीसच्या वेगाचं इंग्रजी शॉर्टहँडचं सर्टिफिकेट होतं. पैठण्या चार-पाच वेळा नेसल्या गेल्या असतील.

चारुदत्त गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. तो सकाळी सातला जायचा, आणि उल्का खिडकीतून बर्फ बघत बसायची. दोन वर्षं तिने बर्फ बघितला आणि मग लायब्ररीतल्या एका जाहिरातीवरून कोर्ट रिपोर्टिंगच्या, म्हणजे कोर्टातल्या स्टेनोच्या, शाळेत नाव घातलं. तिथे पेन्सिल बाद. तिपाईवर बसवायचं एक चिमुकलं यंत्र, त्याला जेमतेम बावीस-तेवीस कळा. एकेक अक्षर टाइप करायचं नाही. पेटीवर तीन-चार सूर एकदम धरावेत तशा कळा दाबायच्या आणि अख्खा उच्चार एका दणक्यात उमटवायचा. मिनिटाला सव्वादोनशे शब्द आले तरच पास. उल्का सहा वेळा नापास झाली. चारुदत्त म्हणाला, "अगं, सोड ना यार, काय अडलंय का आपलं?" त्यावर तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की पुढे त्याने तो विषय काढला नाही. १९९२ साली सातव्या खेपेला ती पास झाली आणि काउंटीच्या कोर्टात लागली.

या कामाचा नियम सोपा आणि खडूस आहे. जे बोललं गेलं ते सगळं लिहायचं, आणि तेवढंच लिहायचं. साक्षीदार अडखळला तर अडखळणं लिहायचं, शिवी दिली तर शिवी लिहायची, वकील बरळला तर ते बरळणंही जसंच्या तसं. कुणाचं इंग्रजी सुधारायचं नाही, कुणाची लाज झाकायची नाही. आणि ऐकू आलं नाही तर थांबवायचं. न्यायाधीशालाही बोलता बोलता थांबवू शकते अशी कोर्टात एकच व्यक्ती असते, ती म्हणजे यंत्रावर बसलेली बाई. उल्काच्या कोर्टात एक न्यायाधीश होता, त्याला अर्धं वाक्य मिशीत बोलायची खोड. पहिल्याच आठवड्यात उल्काने हात वर करून त्याला ठणकावलं, "युवर ऑनर, मोठ्याने." न्यायाधीश हसला, आणि तेव्हापासून तिच्या दिशेला तोंड करून बोलायला लागला.

घरी मात्र ही बाई वेगळी. वडीलधारं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे तिच्या हाडामासात भिनलेलं. सासरे अमेरिकेत आले की तहसीलदारकीच्या दिवसांतली तीच हकिगत दर आठवड्याला सांगायचे. चारुदत्त उठून गॅरेजमध्ये जायचा, उल्का शेवटपर्यंत ऐकायची. हे दोन स्वभाव एका बाईत चौदा वर्षं सुखाने नांदले. एकमेकांसमोर यायची त्यांना कधी वेळच आली नव्हती.

कामाचं मोल तिला खरं कळलं ते २००१ च्या सुमाराला, कोर्टाच्या तळघरात. जुने कागद हलवायचे होते म्हणून तिला खाली पाठवलं, आणि ती एका खोक्यापाशी दुपारभर बसून राहिली. १९१३ सालचा ट्रामच्या अपघाताचा खटला. साक्षीला कुणी पोलिश मोलकरीण. वकील तिला खोदून खोदून विचारतोय, ती उत्तरं देतेय: पहाटे किती वाजता उठते, किती बादल्या पाणी तीन मजले चढवते, त्या दिवशी पायात मालकिणीचे जुने बूट होते ते कसे मोठे होत होते. त्या बाईचं नाव जगातल्या कुठल्या पुस्तकात असणार नाही. पण ती एकोणीस बादल्या चढवायची, हे नव्वद वर्षांनी अकोल्याच्या एका बाईला कळलं, कारण तेव्हाच्या कुणा स्टेनोने 'बऱ्याच बादल्या' असं लिहून वेळ मारून नेली नाही. उल्काने घरी येऊन हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. मुलगी सिया तेव्हा बारा वर्षांची. ती दुधातलं सिरीयल खाता खाता म्हणाली, "कूल. बट मॉम, दे'ल जस्ट गेट अ कॅमेरा."

पोरीचं तोंड फळलं म्हणायचं. २००३ मध्ये काउंटीने कोर्टांच्या भिंतींवर कॅमेरे लावले आणि निम्म्या रिपोर्टरांना निरोप दिला, त्यात उल्काही होती. उल्काने रडगाणं गायलं नाही. "कॅमेरा कुणाला परत बोला म्हणत नाही," असं तिने सियाला ऐकवलं आणि यंत्र गाडीच्या डिकीत टाकून ती एजन्सीमार्फत डिपॉझिशनची कामं घ्यायला लागली. डिपॉझिशन म्हणजे खटला उभा राहण्याआधी, कोर्टाबाहेर, दोन्ही वकिलांसमोर शपथेवर घेतलेली जबानी. कधी वकिलाच्या ऑफिसात, कधी दवाखान्यात, एकदा तर एका शेतावर, ट्रॅक्टरच्या सावलीत. शेवटच्या पानावर सही असायची उल्का दिघेची: वरील मजकूर खरा आणि पूर्ण आहे. पूर्ण या शब्दाला ती फार जपायची. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकही उत्तर सुटलं नव्हतं.

२००६ च्या जूनमध्ये एजन्सीकडून काम आलं आणि साक्षीदाराचं नाव वाचून ती चमकली. प्रल्हाद बर्वे.

प्रल्हादकाका म्हणजे मंडळाचा आधारवड, असं स्मरणिकेत छापलं जायचं आणि ते खोटंही नव्हतं. १९७० साली शिकायला आलेले. नव्या विद्यार्थ्याला एअरपोर्टवरून आणायला जाणार कोण, तर काका. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या बायकोला दिवस गेलेत आणि जवळ कुणी नाही, की काका आणि नीलाकाकू दारात डबा घेऊन हजर. उल्का-चारुदत्तचं पहिलं फर्निचर काकांच्याच बेसमेंटमधून आलेलं. आता काका सत्तरीला आले होते, हृदय थकलं होतं, नाकाला ऑक्सिजनची नळी होती. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची सुरू केली होती.

प्रकरण असं होतं. काका पूर्वी ब्रेकचं लायनिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होते. लायनिंग घासताना ॲस्बेस्टॉसची धूळ उडायची आणि ती कामगारांच्या छातीत जायची. अकरा कामगारांच्या घरच्यांनी कंपनीवर दावा लावला होता. कंपनीचं म्हणणं, १९७४ साली आम्ही धूळ मोजली होती, आमच्या इंजिनियरने कामगारांना तेव्हाच तोंडी सावध केलं होतं, त्यांनी ऐकलं नाही त्याला आम्ही काय करणार? तो इंजिनियर म्हणजे प्रल्हाद बर्वे. मॅनेजर मेला होता, फोरमन मेला होता. खरं काय झालं ते सांगू शकेल असं जगाच्या पाठीवर एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला धाप लागत होती.

साक्षीदार ओळखीचा आहे, हे उल्काने दोन्ही वकिलांना आधीच फोन करून सांगितलं. नातं नाही ना, मग हरकत नाही, असं दोघेही म्हणाले. कॅमेरा काकांनीच नाकारला होता. नळ्या लावलेलं आपलं तोंड कोर्टातल्या ज्यूरीने बघू नये, अशी त्यांची इच्छा. म्हणजे जे काही राहणार, ते उल्काच्या बोटांतून राहणार.

काकांच्याच दिवाणखान्यात जबानी सुरू झाली. कामगारांकडून हॅलोरनबाई, उंच, शांत, मुद्द्याला धरून बोलणारी. कंपनीकडून प्रेन्टिस, आवाज असा की शेजारच्या घरातल्या कुत्र्याने उत्तर द्यावं. नीलाकाकूंनी सगळ्यांना चहा दिला, प्रेन्टिसलाही चकली खायला घातली, आणि काकांनी डोळ्यांनी खूण केल्यावर त्या वर निघून गेल्या. तासभर सगळं सुरळीत चाललं. धूळ कशी मोजली, रिपोर्ट कधी आला, आकडे किती वाईट होते, काकांनी सगळं नीट सांगितलं. मग हॅलोरनबाईने विचारलं, "रिपोर्ट हातात आल्यावर लाइनवरच्या कामगारांना तुम्ही काय सांगितलंत?"

काकांनी मान खाली घातली. "मी..." म्हणाले, आणि हनुवटी छातीला टेकवून अगदी खालच्या आवाजात बोलू लागले. त्याच क्षणी प्रेन्टिस गरजला, "ऑब्जेक्शन!" आणि कायद्याची कलमं फेकायला लागला. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. उल्काचा हात वर उठला. तिने बघितलं, काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते बोलतच होते. इतक्या वर्षांत काकांना तिने कधी रडताना पाहिलं नव्हतं. रडणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला हात दाखवून थांबवायचं तिच्या जिवावर आलं. हात खाली आला. मग काकांना खोकल्याची उबळ आली, दोन्ही वकिलांची जुंपली, आणि त्या भांडणाचा शब्दन् शब्द उल्काने इमानाने टिपला. भांडण संपल्यावर हॅलोरनबाई म्हणाली, "साक्षीदाराने उत्तर दिलेलं आहे, पुढे जाऊ." काका दिसत होते बोलताना, उल्काची बोटं दिसत होती चालताना, बाईने गृहीत धरलं की उत्तर कागदावर आलंय.

कागदावर होतं फक्त 'मी'. पुढे कोरं.

उल्काने घरी येऊन नोंदी पडताळल्या. जोडीला एक छोटा रेकॉर्डर ती नेहमी ठेवायची. तो सात वेळा ऐकला. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर आणि त्यावर प्रेन्टिसचा रेड्यासारखा आवाज. चारुदत्तने विचारलं, "काय झालं गं?"

"एक उत्तर सुटलंय. मजकूर मी सांगू शकत नाही."

"काकांचं ना? मग टाक ना भरून. काका काय बोलणार, चांगलंच बोलणार!"

गंमत बघा, तिलाही तेच वाटत होतं. जो माणूस अनोळखी पोरांना आणायला बर्फात चाळीस मैल ड्राइव्ह करत गेला, तो धुळीबद्दल गप्प बसेल? सांगितलंच असणार. वाक्य तिच्या बोटांत तयार होतं: मी त्यांना सावध केलं. तिने ते स्क्रीनवर टाइपसुद्धा केलं. मागच्यापुढच्या मजकुरात ते इतकं चपखल बसलं की कुणाच्या बापाला संशय आला नसता. उल्का त्या वाक्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की हे वाक्य तिने ऐकलेलं नाही, तिला ते हवंय. तिने ते पुसून टाकलं. आणि स्वतःचा असा राग आला तिला, की स्वयंपाकघरात जाऊन तिने भांडी आपटली.

सकाळी तिने दोन्ही वकिलांना फोन केला आणि सरळ सांगितलं, माझी चूक झाली, मी थांबवायला हवं होतं, उत्तर माझ्याकडे नाही. हॅलोरनबाईने रेकॉर्डरबद्दलही विचारून बघितलं. प्रेन्टिस मात्र खुशीत होता. "ऐकू आलं नाही असं लिहा आणि विषय संपवा. नियमात बसतं ते," तो म्हणाला. बसत होतंच. एजन्सीच्या मालकीणबाईंनीही तेच सुचवलं, वर दोन कडक शब्द ऐकवले. उल्काने ते निमूट ऐकून घेतले. पण तिने हॅलोरनबाईला लेखी कळवलं की साक्षीदार अजून जिवंत आहे आणि मी केव्हाही यायला तयार आहे. बाईने न्यायाधीशाकडे अर्ज केला. प्रेन्टिसने विरोध केला. न्यायाधीशाने वीस मिनिटं दिली, आणि तेवढाच एक प्रश्न विचारायची परवानगी.

तोवर काकांना हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. नीलाकाकूंचा फोन आला. "उल्का, अगं त्यांना दोन शब्द बोलवत नाहीत आता. आणि तुम्ही परत वकील घेऊन येणार? एवढंसं काय ते राहिलं असेल, तूच लिही की. तुझ्याइतकं कोण ओळखतं त्यांना?"

"ओळखते ना काकू, म्हणूनच भीती वाटते. मी माझ्या मनातलं लिहीन."

"मोठी आलीस कायदा शिकवणारी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला. उल्का रडली. मग तोंड धुऊन तिने यंत्र डिकीत ठेवलं.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत तिने खुर्ची थेट पलंगाला भिडवली. काका अर्धे झाले होते. काकूंना त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. शपथ झाली. उल्कानेच मागचा प्रश्न नोंदीतून वाचून दाखवला. काकांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले.

"सर, मोठ्याने बोला, प्लीज," उल्का म्हणाली.

ते पुन्हा बोलले. सुरुवातीचे दोन शब्द आले, बाकीचे घशात विरले.

"सर, शेवटचा भाग आला नाही. पुन्हा."

तिसऱ्यांदा काका बोलले आणि वाक्याच्या मध्येच त्यांना हुंदका आला. जूनमधल्या त्या दिवशी इथेच तिचा हात खाली आला होता. या वेळी तिने तो वर केला, कोर्टाची भाषा बाजूला राहिली आणि तिच्या तोंडून मराठी निघालं. "काका, परत बोला. मला ऐकू आलं नाही."

"काय म्हणाली ती?" प्रेन्टिसने उसळून विचारलं.

"रिपोर्टरने साक्षीदाराला मराठीतून उत्तर पुन्हा द्यायला सांगितलं," उल्का म्हणाली, आणि स्वतःचंही वाक्य तिने नोंदीत टाकलं.

काकांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दम घेतला आणि एकेक शब्द सुटा करत, साहेबाने स्टेनोला पत्र सांगावं तसं, इंग्रजीत सांगितलं.

"मी त्यांना काहीही सांगितलं नाही. मॅनेजर म्हणाला, तुझ्या ग्रीन कार्डचे कागद आमच्या वकिलाकडे आहेत, रिपोर्ट माझ्याकडे राहू दे. मी राहू दिला. त्यानंतर अकरा वर्षं मी त्या माणसांबरोबर एका टेबलावर जेवलो. वॉल्टर प्रुइट माझ्या शेजारी बसायचा. मी स्वतः लाइनवर जाताना मास्क लावायचो. वॉल्टरने विचारलं, कशाला? मी म्हणालो, मला परागकणांची ॲलर्जी आहे. ग्रीन कार्ड १९७६ साली आलं. तरी मी सांगितलं नाही. तेव्हा मला सांगायची लाज वाटत होती."

उल्काची बोटं चालत राहिली. बोटांना थांबायची परवानगीच नसते. पण तिला भीती वाटली, मागे काय होऊन बसलं असतं याची. ते पुसलेलं वाक्य तिने तसंच ठेवलं असतं, तर कंपनीला हवी तीच साक्ष तिने स्वतःच्या हाताने लिहून दिली असती. कामगारांना सावध केलं होतं, इंजिनियर शपथेवर सांगतोय, दावा खलास. अकरा घरांचं वाटोळं, आणि तेही काकांवरच्या प्रेमापोटी. शिवाय एका मरणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच धीर करून जे सांगितलं, ते तिने त्याच्या तोंडातून काढून घेतलं असतं.

"वाचून दाखव," काका म्हणाले. साक्षीदाराला तो हक्क असतो. उल्काने सपाट आवाजात सगळं वाचलं. असं वाचताना भाव आणायचे नसतात, आणि त्या दिवशी तिला त्या नियमाचा फार आधार वाटला. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बरोबर," म्हणाले. प्रेन्टिसने फाइल मिटली आणि एकही प्रश्न विचारला नाही.

बाहेर काकूंनी विचारलं, "काय म्हणाले?" उल्का म्हणाली, "काकू, मला सांगता येत नाही." त्यानंतर काकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. ऑगस्टमध्ये काका गेले. मंडळाच्या शोकसभेत बारा जण बोलले. उल्काला आग्रह झाला तेव्हा तिनेही काकांच्या एअरपोर्टच्या फेऱ्यांबद्दल सांगितलं, बेसमेंटमधल्या सोफ्याबद्दल सांगितलं. ते सगळंही खरंच होतं. काकू पहिल्या रांगेत बसून जमिनीकडे बघत होत्या, आणि पुढच्या दोन्ही संक्रांतींचं त्यांच्याकडचं हळदीकुंकू उल्काविना झालं.

खटला उभा राहिला २००८ च्या मार्चमध्ये. साक्षीदार हयात नसला की त्याची जबानी ज्यूरीपुढे वाचतात. कुणीतरी साक्षीदाराच्या खुर्चीत बसून त्याची उत्तरं म्हणतं. उल्काला तिथे काही काम नव्हतं, तरी ती दिवसाचं काम सोडून गेली आणि मागच्या बाकावर बसली. हॅलोरनबाईच्या ऑफिसातला एक तरुण वकील काका होऊन बसला. त्याला काकांचा तो मराठमोळा इंग्रजी थाट कुठून येणार? पण शब्द काकांचे होते, सगळेच्या सगळे. 'मी त्यांना काहीही सांगितलं नाही' हे वाक्य आलं तेव्हा ज्यूरीतल्या एका म्हाताऱ्याने चष्मा काढून हातात घेतला.

मधल्या सुट्टीत उल्का कॉरिडॉरमध्ये आली तर एक गोरी बाई तिची वाट बघत उभी होती. सत्तरीची, निळा कोट, हातात जबानीची तीन पानं. "मी डोरिस प्रुइट, वॉल्टरची बायको," ती म्हणाली. "त्याला परत बोलायला लावलं, त्या तुम्हीच ना?"

"हो," उल्का म्हणाली. काय ऐकावं लागणार, याची तिला कल्पना येईना.

"मी त्या माणसाला माफ करणार नाही. तुमचा कोणी असला तरी."

"माझ्या सांगण्यावर नका करू," उल्का म्हणाली.

डोरिस बाकावर बसली. पानं तिने मांडीवर सरळ केली. "वॉल्टर अठ्ठ्याऐंशी साली गेला. त्याने सिगारेट त्याआधी दहा वर्षं सोडली होती. सोडली म्हणायचा. पण खोकला काही जाईना. मला वाटायचं, हा गॅरेजमध्ये जाऊन चोरून ओढतो. मी त्याचे खिसे तपासायचे. कोटाचा वास घ्यायचे. शेवटी हॉस्पिटलमध्येसुद्धा मी त्याला म्हणाले, आता तरी खरं सांग. तो म्हणाला, डोरिस, मी ओढत नाही गं. मी तोंड फिरवलं." तिने एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. "वीस वर्षं झाली. आज कळलं की तो खरं बोलत होता."

उल्का तिच्या शेजारी बसली. कोर्ट पुन्हा सुरू झाल्याची घंटा झाली तरी डोरिस उठली नाही, तेव्हा उल्काही तिथेच बसून राहिली.